चिन्ह कपबशी

अंबाजोगाईत मुहूर्त चुकला की काय होतं, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही माहीत असतं. आमची योगेश्वरी देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, मुहूर्त टळला आणि अख्खं वऱ्हाड दगड होऊन इथंच राहिलं. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आमच्या आजीचं ठाम मत होतं. त्यामुळे १७ नोव्हेंबर २०२५ ला, नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, घरपट्टीची पावती सापडेना तेव्हा मी आधी स्वतःचे पाय चाचपून पाहिले.

पावती सापडली. पण घर अजून आजोबांच्या नावावर, आणि चुलतभावाच्या हिश्श्याची पट्टी थकलेली. उमेदवाराला थकबाकी चालत नाही. हा चुलतभाऊ बांधाच्या भांडणापासून माझ्याशी बोलत नव्हता. त्या दिवशी बोलला. "दादा, उभा तू राहायलास, तूच भर की." भरली. मग घरात शौचालय आहे आणि आपण ते वापरतो, याचा कागद. मग १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही, याचं प्रतिज्ञापत्र. मी पेन्शनीतला माणूस, पण आमच्या हिनं तो रकाना दोनदा वाचला आणि म्हणाली, "नीट आठवून सही करा."

उभी हयात मी शाळेत इतिहास शिकवला. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्याकडं, संत दासोपंत आपले, बाराखांबी देऊळ आपलं. म्हटलं, एवढा ठेवा असलेल्या गावाला एक इतिहासाचा माणूस नगरसेवक म्हणून नको का? पहिल्या कोपरा सभेत मी "यादवांच्या काळात..." एवढंच म्हणालो, तर मागून आवाज आला, "सर, कोणत्या यादवाचं म्हणायलाव? ते किराणावाले तर आपल्याकडंच हायेत!" वचननामा वाटला, तर एका म्हाताऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "दासोपंतांनी चाळीस हात कापडावर पासोडी लिहिली, पण नळाला पाणी आणतो असं कुठं लिहिलं नाही. तुम्ही कशाला लिहायलाव?"

आणि मग लक्षात आलं, की इतिहासाचा पक्का अभ्यास तर मतदारांचाच आहे. फक्त तो माझ्या घराण्याचा आहे. एका दारात कळलं, की माझे वडील त्या घरच्या आत्याच्या लग्नात पंगतीवरून न जेवता उठले होते. दुसऱ्या दारात माझ्या मेव्हण्यानं नेलेली आणि न आणून दिलेली शिडी निघाली. तिसऱ्या दारात माझाच विद्यार्थी, आता पोट सुटलेला. "सर, नववीत तुम्ही मला इतिहासात बसवलं होतं." मी म्हणालो, अरे, तू पानिपतच्या लढाईत शिवाजी महाराजांना उतरवलं होतंस. तो शांतपणे म्हणाला, "ते असते तर हरलो नसतो, एवढंच माझं म्हणणं होतं." यावर आजही माझ्याकडं उत्तर नाही. मागची निवडणूक २०१६ ची, त्यानंतर काही वर्षं पालिकेत नुसता प्रशासक. लोकांनी साठवून ठेवलेलं सगळं एकदम दारात आलं.

चिन्ह मिळालं कपबशी. अपक्षानं हे चिन्ह घेऊ नये, शिट्टी घ्यावी. जो येईल तो म्हणे, "कपबशीवाल्याच्या घरी चहा नाही म्हणजे काय?" खर्चाच्या हिशोबात प्रत्येक चहा लिहावा लागतो, आणि त्याचा दरही ठरवून दिलेला. आमच्या हिनं पाजलेला चहा त्या दरात बसत नव्हता, कारण ती आलं घालते.

समोरचा उमेदवार मात्र हुशार. त्यानं सरळ अंबाजोगाई जिल्हा करून टाकायचं वचन दिलं. जिल्ह्याची मागणी आमच्याकडं इतकी जुनी आहे, की ती करता करता माणसं आजोबा झाली. नगरसेवकाच्या हातात फार तर नालीवरचं झाकण असतं, हे मी समजावून सांगितलं. टाळ्या त्यालाच पडल्या.

आमच्या प्रभागात २ डिसेंबरला मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची, ती न्यायालयाच्या आदेशानं २१ तारखेवर गेली. मशिनं कुलपात आणि मी लटकलेला. निवडून आलेला नाही, पडलेलाही नाही. रोज कुणी ना कुणी "मत तुम्हालाच दिलं" म्हणत यायचं आणि चहा घेऊन जायचं. भोंग्याची रिक्षा फिरवणारा पोरगा तेवढा वेगळं बोलला. "सर, बिल मोजणीच्या आधी देऊन टाका. निवडून आलेला भेटत नाही अन् पडलेला बोलत नाही." मी कोणत्या गटात बसणार, हे त्याला विचारायचा धीर झाला नाही. पैसे दिले.

२१ तारखेला पडलो. थोडक्यात नाही, चांगला सणसणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या एक आजी रिकामी घागर घेऊन दारात. "सर, नळाला पाणी नाही."

"आजी, मी पडलो."

"ठावं हाय की. पण जो आला तो अजून गुलालात हाय, फोन उचलंना. तुम्ही रिकामेच हाव म्हणून आले."