पाणी घोट्यापर्यंत

आमच्या घरात शिष्यवृत्ती म्हटलं की सेतू केंद्राची रांग डोळ्यांपुढे येते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुक, शिवाय प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. त्यामुळे कपड्यांच्या एका बड्या ब्रँडने मुलींसाठी शिष्यवृत्तीची स्पर्धा काढली आणि एकही दाखला मागितला नाही, तेव्हाच बाबांची भुवई वर गेली. "दाखला नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे."

हवं होतं एवढंच: 'आपल्या शहरात' काढलेला नखशिखांत फोटो, 'माझा संघर्ष' यावर ३०० शब्द, आणि जनतेची मतं.

संघर्षापाशीच गाडी अडली. आई-बाबा नोकरीला, गंगापूर रोडला हप्ते फिटलेला फ्लॅट, दहावीला ८१ टक्के. ना रडावं इतके कमी, ना पेढे वाटावेत इतके जास्त. घरात उसना संघर्ष मागून पाहिला. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मला किती त्रास झाला, ते लिही." बाबांनी पंचवटी ते कॉलेज रोड रोजची सायकल देऊ केली. आजीचं मत, मला सकाळी उठवणं हाच या घरातला मोठा संघर्ष. शेवटी सातवीत वक्तृत्व स्पर्धेत 'आदरणीय व्यासपीठ' म्हणून जी मी गप्प झाले, तेच मौन ३०० शब्दांपर्यंत ताणलं.

फोटोसाठी मी रामकुंड निवडलं. त्या ब्रँडचा माझ्याकडे एकच कुर्ता, सेलमध्ये घेतलेला, पांढरा. फोटोग्राफर म्हणजे धाकटा भाऊ, आणि त्याने उकाड्यामुळे दोनच दिवसांपूर्वी चकोट केलेला. पहाटे साडेसहाला, पांढऱ्या कपड्यांतली मी आणि तुळतुळीत डोक्याचा तो, दोघं गोदावरीच्या काठी गंभीरपणे प्रकाश शोधत उभे. पाच मिनिटांत एक गुरुजी आले. अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही काका, फॅशन आहे," भाऊ म्हणाला.

गुरुजींनी ते दुःखाच्या भरातलं बोलणं समजून पोटात घातलं. "गोत्र काय? मूळ गाव सांगा, वह्यांत तुमच्या पणजोबांची सहीसुद्धा सापडेल." स्पर्धेचं घोषवाक्य 'स्वतःला शोध' असं होतं, आणि इथे पणजोबांसकट शोधून द्यायला माणूस तयार! पण अंतिम तारीख त्याच रात्री होती. फोटोत माझ्या खांद्यामागे गुरुजी आहेत, हातात पंचपात्र. कापायला गेलं तर माझा दंडही जात होता, म्हणून राहू दिले.

मग मतदान. पावसाळ्यात गोदेचा पूर आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, की शहरभर फोन फिरतात. मी मतंही तशीच मोजायला लागले. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत. दुसऱ्या दिवशीही घोट्यापर्यंत. मत द्यायचं तर ओटीपी टाकावा लागायचा, आणि तिथेच सगळे नातेवाईक थबकले. मोठी मावशी म्हणाली, "ओटीपी द्यायचा नसतो, दिवाळीत तूच शिकवलंस ना!" पिंपळगावच्या काकांनी कांद्याच्या लिलावातून फोन उचलला आणि ओरडून विचारलं, "काय भाव फुटला?" मी म्हटलं, "चोपन्न." "क्विंटलला?" पलीकडून हळहळ ऐकू आली.

(त्यांनी मत दिलं. पण संघर्ष वाचून 'मुलगी अजून गप्पच आहे का' असं आईला विचारलं.)

शेवटच्या रात्री आकडा ६३ वर थांबला. पहिल्या आलेल्या मुलीच्या बाबतीत मारुतीचा शेंडाही दिसत नव्हता. मी नात्यातली मतं बोटांवर मोजायला बसले, तर हिशेबात एक कमी पडत होतं. आजीचा फोन मीच लावून दिला होता, ओटीपीही मीच वाचून दाखवला होता.

"आजी, तू बटण दाबलंस ना?"

"दाबलं की. त्या वरच्या मुलीला." आजीने शांतपणे अडकित्ता बाजूला ठेवला. "येवल्याची पैठणी नेसली होती गं, पदरावर मोर. आणि तुझ्या फोटोकडे बघून मला आधी वाटलं, मीच गेले की काय!"