ऑफिसकडून उत्तर: सूट तुमची, चेक मिस्टरांच्या नावाचा

नमस्कार ताई.

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू मी रविवारी रात्री वाचला. सोमवारी सकाळी तो ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग तुमची फाइल घेऊन बसले. फाइलमधलं काहीही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

तुम्ही लिहिलंत: लग्न डिसेंबर २०२१ चं, दोघंही आधीपासून इंग्लंडमध्येच. सप्टेंबर २०२४ मध्ये स्लाऊमधल्या आमच्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात मॅरेज अलाउन्सच्या (कमी कमाईच्या जोडीदारानं आपल्या करमुक्त रकमेचा थोडा भाग दुसऱ्याला देण्याची सवलत) अर्जावर सही केली. मागच्या चार वर्षांचे हजार पौंडांच्या वर मिळतील असं आमच्याकडून सांगितलं गेलं. चेक आला एप्रिल २०२५ मध्ये, तोही ५०४ पौंडांचा आणि मिस्टरांच्या नावे. दरम्यान दोघांचेही टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारी खूण) बदलले. आम्ही फी घेतली १५० पौंड. आणि मग मैत्रिणीकडून कळलं की हा अर्ज सरकारी साइटवर फुकट करता येतो. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मग तुमच्यात आणि दलालात फरक काय?’

फीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि ओळखीचा पुरावा हाताशी असला की हा अर्ज घरबसल्या होतो, एक पैसा लागत नाही. हे तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं आणि सांगितलं गेलं नाही. ज्या सवलतीतून वर्षाला जास्तीत जास्त २५२ पौंड वाचतात, तिच्यावर दीडशे पौंड घेणं मला आज लाजिरवाणं वाटतंय. पूर्ण १५० पौंड आज तुमच्या खात्यात परत केले आहेत. यापुढे आमच्या ऑफिसात या अर्जाची फी कोणाकडूनही घेतली जाणार नाही. ज्यांच्याकडून याआधी घेतली, त्यांनाही आम्ही एकेक करून फोन करतोय.

उशिरातही मोठा वाटा आमचाच. तुमची सही सप्टेंबरात झाली, पण पाकीट आमच्या टेबलावरून निघालं नोव्हेंबरात. साडेसहा आठवडे ते एका ट्रेमध्ये पडून होतं. पुढे चेक तुमच्या जुन्या पत्त्यावर गेला आणि परत काढावा लागला, असं तुम्ही लिहिलंय. घर बदललंय का, कर खात्याला नवा पत्ता कळवलाय का, हे आम्ही अर्ज भरतानाच विचारायला हवं होतं. तुम्ही दर आठवड्याला फोन करत होता आणि आमच्याकडून ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळत होतं. त्या फोनांबद्दल मनापासून माफी मागते.

आता हजार आणि पाचशेचं. सप्टेंबर २०२४ मध्ये मागची चार वर्षं म्हणजे २०२०-२१ ते २०२३-२४. पहिल्या वर्षाचे २५० आणि पुढच्या तिन्हींचे २५२, बेरीज १००६. आमच्या सहायकानं ही बेरीज केली आणि तुम्हाला सांगून टाकली. पण यातलं प्रत्येक वर्ष स्वतंत्र तपासावं लागतं. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. तुमचं लग्न डिसेंबर २०२१ चं, म्हणजे २०२०-२१ चा प्रश्नच नव्हता. लग्नाची तारीख अर्जावर लिहिलेली असताना तो आकडा तोंडातून निघाला, ही आमची चूक. २०२१-२२ मात्र पूर्ण मिळालं, कारण लग्न करवर्षाच्या मध्यात झालं असलं तरी सवलत कापली जात नाही.

मिस्टरांना बोनस मिळाला त्या २०२३-२४ बद्दल ‘बोनसच्या वर्षाचे पैसे कापले’ असं तुम्ही लिहिलंय. ते कापले नाहीत ताई, त्या वर्षी ते लागूच होत नव्हते. ज्याला सूट द्यायची, तो त्या वर्षी फक्त २० टक्क्यांच्या टप्प्यातच कर भरणारा असावा लागतो. इंग्लंडमध्ये त्याची वरची रेघ ५०,२७० पौंडांची आहे. ती रेघ आणि १२,५७० चा पर्सनल अलाउन्स (जेवढ्या कमाईवर कर नसतो ती रक्कम), दोन्ही एप्रिल २०२१ पासून गोठलेले आहेत. पगार मात्र वाढतात. त्यामुळे एखाद्या बोनसनं माणूस रेघेच्या पलीकडे जातो आणि त्या वर्षाचे २५२ पौंड सगळेच्या सगळे हातचे जातात. थोडे इकडे थोडे तिकडे असं नसतं. बोनसचा काही भाग हातात घेण्याआधी पेन्शनमध्ये वळवला असता तर ते वर्ष वाचलं असतं. हा सल्ला कोणीतरी वेळेवर द्यायला हवा होता. २०२३-२४ साठी आता उशीर झाला, म्हणून उरलेल्या दोन वर्षांचे मिळून ५०४ आले. इथे रहिवासी झाल्यावर भारतातल्या एफडीचं व्याजही साधारणपणे या हिशोबात धरलं जातं. हे वाचणाऱ्या इतरांनीही ते तपासून घ्यावं.

ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते हे: ‘सूट माझी, अर्ज माझा, सही माझी, आणि चेक नवऱ्याचा.’ हा राग मला समजतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मराठी बायका हाच प्रश्न विचारतात. भारतात आयकर नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. एकाची न वापरलेली सूट दुसऱ्याला देण्याची सोयच नाही. म्हणून ही कल्पना आपल्याला नवी वाटते. इथे २०१५ च्या एप्रिलपासून ती आहे. ज्याचं उत्पन्न पर्सनल अलाउन्सपेक्षा कमी आहे तो त्यातले १,२६० पौंड जोडीदाराच्या नावे करतो, म्हणून अर्ज तुमचा. त्यामुळे जोडीदाराचा कर कमी होतो. तुम्ही कर भरलेलाच नव्हता, त्यांनी भरला होता, म्हणून जास्त भरलेला कर त्यांनाच परत येतो. कायदा असा आहे आणि तो मी बदलू शकत नाही. पण सही घेण्याआधी ‘ताई, पैसे मिस्टरांच्या नावे येतील, चालेल ना?’ एवढं विचारणं माझ्या हातात होतं. ते पैसे घरात कसे वाटून घ्यायचे हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलं असतं. आता आमच्या ऑफिसात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि दोघंही समोर बसलेले असताना.

टॅक्स कोडला घाबरू नका. तुमचा १२५७एल होता तो ११३१एन झाला, कारण तुमच्या करमुक्त रकमेतला तो भाग गेला. मिस्टरांचा १३८३एम झाला, म्हणजे तो त्यांना मिळाला. एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी: ज्या वर्षात अर्ज केला त्या २०२४-२५ चे पैसे चेकनं येत नाहीत, पगारातून येतात. कोड ज्या महिन्यात बदलला, त्या महिन्याची त्यांची पेस्लिप काढून बघा. एप्रिलपासूनचा फरक त्या एकाच पगारात आलेला असतो. तो धरला तर ५०४ हा पूर्ण आकडा नाही. तुमची अर्धवेळ नोकरी ११,३१० पौंडांच्या पुढे गेली तर तुम्हाला थोडा कर लागेल, तरी कमाई १२,५७० च्या आत असेल तोवर जोडप्याचा मिळून फायदाच राहतो. हा अर्ज एकदा केला की दरवर्षी आपोआप चालू राहतो. मिस्टरांना पगारवाढ मिळून ते ५०,२७० च्या वर जाणार असतील तर तो तुम्हीच बंद करायचा, नाहीतर पुढे त्यांच्याकडून कर वसूल होतो.

दलाल म्हणालात, त्याचा मला राग नाही. परताव्यातला मोठा हिस्सा आधीच कापून घेणारे, परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घेणारे लोक या देशात होते. १५ मार्च २०२३ पासून तसं लिहून घेतलेलं कायद्यात टिकत नाही. आम्ही तसं कधी केलं नाही. पण जे फुकट आहे ते फुकट आहे असं न सांगणं याच वाटेवरचं पहिलं पाऊल आहे, आणि ते आमच्याकडून पडलं.

तुमचा तारा बदलावा अशी माझी मागणी नाही. फक्त एक विनंती: यंदाही बोनस असेल तर तो मिळण्याआधी या, त्याची फी नाही. शनिवारी ऑफिस दुपारी दोनपर्यंत उघडं असतं. येताना मिस्टरांचा पी-६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा नोकरीवरचा दाखला) आणि शेवटच्या तीन पेस्लिपा आणा, आणि शक्यतो दोघंही या.