परतूरवरच्या घिरट्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आकाशातल्या विमानांवर नजर ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्रामने 'परतूरजवळ विमानाच्या संशयास्पद घिरट्या' अशी आपोआप नोंद टाकली, ती गावच्या ग्रुपवर फिरली आणि ऐन पावसाच्या खंडात 'विमान ढग पांगवायला आलं' हे लोकांनी खरं धरलं, असं तुम्ही लिहिलंय. यंत्राला कारण कळत नसेल तर त्याने बोलूच नये, हे तुमचं म्हणणं.

'संशयास्पद' ही चूक माझी. तो शब्द काढून टाकलाय.

प्रोग्रामला कळतं ते एवढंच. विमान 1090 मेगाहर्ट्झवर आपली ओळख, जागा, उंची, वेग सतत सांगत असतं. जालन्यात गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलेला माझा अँटेना ते ऐकतो. विमान किती अंश वळलं याची बेरीज होते, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. दोन फेरे, म्हणजे 720 अंश भरले की नोंद पडते. सुरुवातीला एकही फेरा सापडेना, कारण दिशेचे अंश 360 ला संपून पुन्हा शून्यापासून सुरू होतात; 359 वरून 1 अंशावर गेलेलं विमान दोनच अंश वळलेलं असतं आणि माझी वजाबाकी उणे 358 सांगायची. अख्खा फेरा होऊनही बेरीज शून्य. औताच्या तासासारखं शेवटाला जाऊन उलट फिरणारं सर्वेक्षणाचं विमान तर आजही निसटतं. उजवं वळण डाव्याने फिटतं.

आता त्या संध्याकाळचं. ते चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान होतं. सरळ एक मिनिट, वळायला एक मिनिट, परत तसंच, असा 4 मिनिटांचा लांबट फेरा. असे 4 फेरे मारून ते उतरलं. त्या वेळी चिकलठाण्यावर विजा कडाडत होत्या, तिथल्या भावाला फोन करून विचारलं. वर थांबून राहायची हीच रीत असते.

तरी तुमच्या गावच्या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही. 2015 आणि 2019 च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी चिकलठाण्याहूनच विमानं उडाली, हे सगळ्यांनी पाहिलंय. ते विमान ढगात कण सोडतं, ढग हाकलत नाही. पण करपत्या सोयाबीनजवळ उभ्या माणसाला हा फरक कोण समजावणार? म्हणूनच गप्प बसणं मला पटत नाही. विमान फिरताना त्याने डोळ्यांनी पाहिलेलंच असतं, नोंद असो वा नसो.

आता नोंद विमान उतरल्यावरच पडेल. उंची, फेरे आणि कुठे उतरलं, एवढंच तिच्यात असेल. 7700 हा संकटाचा संकेत आला तर काहीच टाकणार नाही. आत बसलेल्यांच्या घरच्यांना ते माझ्याकडून कळू नये.

पुढच्या वेळी दिसलं तर वेळ आणि दिशा तेवढी कळवा. ते ढगात शिरलं की बाजूने गेलं, हे माझ्या अँटेनाला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.