‘पायाची बायपास म्हणजे पाय कापायची पहिली पायरी’: मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

गेल्या पंधरवड्यात आमच्या मेडिकलमधून सफरचंदाच्या व्हिनेगरच्या अकरा बाटल्या गेल्या. एरवी महिन्याला दोन खपतात. अकरावी बाटली जोशीकाकूंनी घेतली तेव्हा न राहवून विचारलं, तर त्यांनी फोनच पुढे केला. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, इंदूरच्या मराठी घरांतला एकही ग्रुप या मेसेजमधून सुटलेला दिसत नाही.

मजकूर थोडक्यात असा. पायाच्या नसा बंद झाल्या तर ऑपरेशन करू नका, शंभरातले नव्वद पाय शेवटी कापलेच जातात. स्टेंट (फुग्याने रक्तवाहिनी रुंद करून आत बसवायची जाळी) आणि बायपास (अडथळ्याला वळसा देऊन स्वतःची शीर किंवा कृत्रिम नळी जोडणं) हा नुसता धंदा आहे. लसूण, आलं, लिंबू यांचा रस आणि सफरचंदाचं व्हिनेगर उकळून मध घाला, रोज घ्या, तीन महिन्यांत नसा साफ. पाय गार पडत असतील तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. चालणं बंद ठेवा, नसांवर ताण येतो. खाली जोडलेले हात आणि ‘वीस जणांना पाठवा’.

मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं की तुम्ही औषधं विकता, तुम्ही हेच म्हणणार. ठीक. अ‍ॅस्पिरिनची पट्टी काही रुपयांना येते. व्हिनेगरच्या एका बाटलीत मला तिच्या कितीतरी पट सुटतात. धंदाच बघायचा असता तर मीच तो मेसेज फिरवला असता.

आता एकेक मुद्दा घेतो.

‘नसा बंद झाल्या तर…’

कुठल्या नसा? आपल्याकडे कंबरेत मज्जातंतू दाबला गेला तरी नस, पोटरीवर निळ्या शिरा फुगल्या तरी नस, आणि हृदयाकडून पायाला रक्त नेणारी धमनी अरुंद झाली तरी नसच. तिन्ही आजार वेगळे, तिन्हींचे डॉक्टर वेगळे. कुणाच्या आत्याचं फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन फसलं, म्हणून कुणाच्या तरी वडिलांनी धमनीचं ऑपरेशन टाळायचं, असा या मेसेजचा कारभार आहे.

आमचे नाना, माझे चुलतभाऊ, यांचं असंच झालं. राजवाड्यापासून सराफा म्हणजे दोन मिनिटांची वाट. तेवढ्यात नाना दोनदा थांबायचे, सोन्याच्या दुकानांकडे बघत. वहिनींना वाटायचं यंदा पाटल्या होणार. खरं म्हणजे त्यांच्या पोटरीत गोळा यायचा आणि उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जायचा. घरात सगळ्यांनी सायटिका ठरवून टाकला. कंबरेच्या दुखण्यात माणसाला बसल्यावर किंवा वाकल्यावर बरं वाटतं. धमनीच्या दुखण्यात नुसतं थांबलं तरी पुरतं. हा फरक आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हता, मलाही नाही, आणि मी बी. फार्म. आहे.

तपासणी झाली तेव्हा मी सोबत होतो. बीपीचा पट्टा आधी दंडाला, मग घोट्याच्या वर. पायाच्या पाठीवर जेल लावून पेनाएवढा डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, टेकवला. डाव्या पायात ठोके चाबकासारखे वाजत होते. उजव्या पायात फटीतून वारा यावा तसा नुसता हुश्श आवाज. दंडाला १५०, उजव्या घोट्याला ६०. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा, म्हणजे ०.४. हा भागाकार ०.९ किंवा त्याखाली आला की धमनीचा आजार आहे असं धरतात. पूर्ण तपासणीला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. एक गोष्ट मात्र शुगरवाल्यांनी लक्षात ठेवावी. त्यांच्या धमन्या चुन्याने कडक झालेल्या असतील तर हा आकडा खोटाच चांगला दिसतो. १.४ च्या वर गेला तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो.

‘शंभरातले नव्वद पाय कापले जातात’

हा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. जे मोजलं गेलंय ते मी सांगतो, पण आधी दोन गट वेगळे करू.

पहिला गट चालताना पोटरी दुखणाऱ्यांचा. यांच्यातल्या सत्तर-ऐंशी टक्के लोकांचा पाय पाच वर्षांनीही साधारण आहे तिथेच असतो. पाय जाण्यापर्यंत फार थोड्यांची वेळ येते. यांना खरी भीती हृदयाची आणि मेंदूची. त्याच पाच वर्षांत साधारण पाचातल्या एकाला हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात येऊन जातो, कारण जो गाळ पायाच्या धमनीत साठतो तोच वरही साठलेला असतो.

दुसरा गट रात्री झोपेतही पाय ठणकणाऱ्यांचा, न भरणाऱ्या जखमांचा, काळ्या पडलेल्या बोटांचा. इथे आजार खरोखर भयंकर आहे. डॉक्टरांच्या नेहमीच्या हिशेबात या टप्प्यावर वर्षभरात साधारण पाव लोकांचा पाय जातो आणि पाव लोक दगावतात. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा अशीच माणसं पाहिली असतील. पण तो दोष ऑपरेशनच्या नावावर टाकणं म्हणजे आग विझवायला आलेल्या बंबाला आगीसाठी जबाबदार धरणं.

या दुसऱ्या गटातल्या १,८३० रुग्णांवर बेस्ट-सीएलआय नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ साली आले. पायाची स्वतःची चांगली शीर उपलब्ध असलेल्यांत, साधारण पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात, आधी बायपास केलेल्यांपैकी १०.४ टक्के आणि आधी फुगा-स्टेंट केलेल्यांपैकी १४.९ टक्के लोकांचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. म्हणजे सगळ्यात बिकट अवस्थेतल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी ते नव्वद जणांना ती वेळ आली नाही. मेसेजमधला आकडा खरा होता म्हणायचं, फक्त उलटा धरलेला. याच चाचणीत दोन्ही बाजूंचे साधारण एक-तृतीयांश लोक त्या काळात वारले, हेही सांगून टाकतो.

आणि ‘पहिली पायरी’ म्हणाल, तर फुग्याने धमनी उघडण्याच्या उपचाराचा जन्मच पाय कापायला नकार देणाऱ्या एका बाईमुळे झाला. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेतलं पोर्टलंड शहर. ८२ वर्षांची बाई, पायाला गँगरीन, सर्जननी सांगितलं कापावाच लागेल, बाई ऐकेना. चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून तिची मांडीतली धमनी रुंद केली. फुगा नंतर आला. अडीचेक वर्षांनी ती बाई वारली, तोवर स्वतःच्या पायावर चालत होती.

‘स्टेंट, बायपास सगळा धंदा’

यात अर्धं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. नुसती पोटरी दुखते, जखम नाही, आणि पहिल्याच भेटीत स्टेंटचं कोटेशन हातात मिळालं, तर दुसऱ्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे जरूर जा. या अवस्थेत आधी तंबाखू बंद, गोळ्या आणि चालणं. त्याने भागलं नाही तर पुढचं. बायपास किंवा स्टेंट पुन्हा बंद पडू शकतो हेही खरं. गुडघ्याखाली कृत्रिम नळी घातली तर ती स्वतःच्या शिरेपेक्षा लवकर बंद होते. म्हणून ‘माझी शीर वापरणार की नळी?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचा असतो.

पण धंदाच असता तर बेस्ट-सीएलआय झाली नसती. तिचा पैसा अमेरिकी सरकारच्या संस्थेने दिला आणि चांगली शीर असलेल्यांत महागडे स्टेंट मागे पडले, हे जाहीरपणे छापलं गेलं. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी पैशाने झालेली बेसिल-२ आली. गुडघ्याखालच्या धमन्या बंद असलेले ३४५ रुग्ण. तिथे उलट निकाल लागला. बायपासवाल्यांपैकी ६३ टक्के आणि फुगा-स्टेंटवाल्यांपैकी ५३ टक्के लोकांचा पाय गेला किंवा ते वारले, आणि फरक मुख्यतः मृत्यूंचा होता. आता यातून काय घ्यायचं? शीर चांगली आणि माणूस मोठं ऑपरेशन सोसेल असा असेल तर बायपासचं पारडं जड. हृदय थकलेलं, आजार खालच्या बारीक धमन्यांत, तर फुगा. सर्जनलोक यावर अजून भांडतायत. ज्यांचा धंदा ठरलेला असतो ते असे भांडत नाहीत.

‘काढ्याने तीन महिन्यांत नसा साफ’

मेसेजसोबत व्हिडिओ आहे, व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळतं त्याचा. विरघळतंच, आमच्या मुलीने शाळेत करून दाखवलंय. पण तुमच्या जठरातलं आम्ल व्हिनेगरपेक्षा जहाल असतं आणि तरी त्याने आजवर कुणाच्या धमन्या साफ केल्या नाहीत, कारण ते रक्तात उतरत नाही. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये धरून ठेवतं. तो अंड्याचं कवच विरघळण्याइतका खाली गेला तर माणूस जिवंतच राहणार नाही. शिवाय धमनीतला गाळ नळाच्या आतल्या क्षारासारखा वर चिकटलेला नसतो. तो भिंतीच्या आत असतो, चरबी, तंतू आणि चुना एकत्र मुरलेला. माझ्या दुकानातल्या स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या, गोळ्याही तो धुऊन काढत नाहीत. त्या त्याला शांत ठेवतात, फुटू देत नाहीत. तेवढ्यासाठीच त्या रोज घ्यायच्या.

काढ्याची कृती नीट वाचा. चार वाट्या रस-व्हिनेगर आटवून तीन, त्यात मध तीन वाट्या. म्हणजे निम्मा मध, आणि पायाचा आजार ज्यांना होतो त्यांच्यात शुगरवाले किती, ते मला माझ्या बिलबुकावरून दिसतं. काढ्याचा खरा तोटा त्याच बिलबुकात सापडतो. बाटली घेतली की पुढच्या महिन्यापासून क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि स्टॅटिनची पट्टी न्यायला तो माणूस येत नाही.

‘गरम पाण्याच्या पिशवीने शेका’

या एका ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

नानांनीही चार वर्षांपूर्वी असाच काढा घेतला होता, तेव्हा तो ‘हृदयासाठी’ म्हणून फिरत होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या डब्यात पडून. डिसेंबरात पाय बर्फासारखा लागायला लागला, तर वहिनींनी मायेने रात्री पिशवी ठेवली, टॉवेलमध्ये गुंडाळून, जास्त गरम नको म्हणून स्वतःच्या गालाला लावून बघून. वहिनींच्या गालात रक्त फिरत होतं. ते उष्णता वाहून नेतं. नानांच्या टाचेत ते नव्हतं, आणि शुगरमुळे चटका कळायचीही सोय नव्हती. सकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. दुखत नाही म्हणून चार दिवस हळद. तीन आठवड्यांत टाचेवर काळी खपली आणि त्याच पायाची दोन बोटं जांभळी.

मग बायपास झाली, त्यांच्याच पायाची शीर काढून. मांडीपासून घोट्यापर्यंत टाक्यांची रांग. दोन बोटं गेली, टाच भरायला पाच महिने लागले, पाय राहिला. बोटं ऑपरेशनमुळे गेली असं एका लग्नात कुणीतरी म्हणालं, तेव्हा वहिनी ताटावरून उठून गेल्या होत्या.

गार पायाला सुती मोजे, पांघरूण. शेक नाही, गरम पाण्याची बादली नाही, हीटर नाही.

‘चालू नका’

साफ उलटं. जखम नसेल आणि रात्री ठणका नसेल तर चालणं हेच औषध आहे. पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, गोळा गेला की पुन्हा चाला. अशी तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, कमीत कमी बारा आठवडे. २०१२ मध्ये छापलेल्या क्लेव्हर नावाच्या चाचणीत, पोटातल्या मोठ्या धमनीच्या फाट्यापाशी अडथळा असलेल्यांत, देखरेखीखाली चालणाऱ्यांची चालण्याची क्षमता सहा महिन्यांनी स्टेंट घातलेल्यांपेक्षाही जास्त वाढली होती. जखम असेल तर मात्र आधी सर्जन, मग चालणं.

जे मेसेजमध्ये नाहीच

तंबाखू. एवढ्या लांब मजकुरात हा शब्द एकदाही नाही. नानांची बीडी हुकुमचंद मिलमधली. मिल १९९१ साली बंद पडली, बीडी नाही पडली. तिशी-चाळिशीतल्या पोरांची बोटं काळी करणारा बर्जर नावाचा आजार तर तंबाखूवरच जगतो. १९९० मध्ये छापलेल्या एका अमेरिकी पाहणीत तंबाखू सोडलेल्यांपैकी ९४ टक्क्यांना काहीही कापावं लागलं नाही. न सोडलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचं बोट किंवा पाय कापावा लागला. पाऊच खाणाऱ्यांनी ‘आम्ही ओढत नाही’ म्हणून सुटू नये.

आणि एक. पाय अचानक, तासाभरात, पांढरा-गार पडला, जोरात दुखायला लागला, बोटं हलेनाशी झाली, तर ती गुठळी असू शकते. हातात साधारण सहा तास असतात. तेव्हा ग्रुपवर विचारू नका, रिक्षा करा.

काल जोशीकाकू पुन्हा आल्या. म्हणाल्या, ‘अरे, मग त्या बाटलीचं काय करू?’ सील फोडलेलं नव्हतं. परत घेतली, आणि काकांची बंद पडलेली पट्टी त्याच पिशवीत घालून दिली.