ट्रक पण स्टार्ट होईल सर

रविवारी मैदानावर माझा जो पोपट झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये. मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन आहे, पॉइंट फॉर्टी सिक्स घनइंच, म्हणजे साधारण ७.५ सीसी. बोटाने प्रॉप (पुढचा पंखा) फिरवून नखं काळीनिळी झाली म्हणून शेवटी इलेक्ट्रिक स्टार्टर घेतला. विकणारा म्हणाला, "सर, ट्रक पण स्टार्ट होईल." ट्रक नाहीये हो माझ्याकडे.

ग्लो प्लगला, म्हणजे तापून इंधन पेटवणाऱ्या प्लगला, १.५ व्होल्टची क्लिप लावली, स्टार्टरचा रबरी कोन स्पिनरवर (प्रॉपच्या मधल्या टोपीवर) दाबला, बटण दाबलं. घुर्रर्र... टक्. कॉम्प्रेशन आलं, म्हणजे पिस्टन आतली हवा दाबायला लागला, की स्टार्टरसाहेब गप्प. परत घुर्रर्र, परत टक्.

तेवढ्यात वॉकला आलेले एक काका थांबले. माकडटोपी, पांढरेशुभ्र बूट.

"पेट्रोल आहे ना?"

"पेट्रोल नाही काका, मिथेनॉल लागतं. त्यात ऑइल आणि थोडं नायट्रो."

"म्हणजे दारू."

"नाही, ते इथेनॉल."

"तेच ते. दारू पाजल्यावर कोण उठतंय सकाळी ७ वाजता?"

त्यांच्यासोबतचे दोघं खो खो हसले. मी दात दाखवले.

"तिरपी करा."

"काय?"

"अहो तिरपी करा! आमची स्कूटर २२ वर्षं तिरपी केल्याशिवाय कधी चालू झाली नाही." आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत काकांनी विमानाची शेपटी धरून वर उचलली पण! नाक खाली, टाकी वर, सगळं फ्युएल कार्ब्युरेटरमधून थेट इंजिनात. आता यात स्टार्टर लावला असता तर कनेक्टिंग रॉडच वाकला असता, कारण द्रव काही दाबला जात नाही. म्हणून प्लग काढला आणि स्टार्टर फिरवला, कॉम्प्रेशन नव्हतं तर हा पठ्ठ्या काय फिरला! पिचकारी उडाली ती थेट पांढऱ्या बुटांवर. एरंडेल होतं त्यात, डाग जायचे नाहीत. मी सॉरी म्हणालो, मनापासून नाही.

काका बूट पुसत म्हणाले, "नातवाचं बॅटरीवालं आहे. बटण दाबलं की उडतं."

हे जरा लागलं.

घरी येऊन मीटर लावला. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, चांगली चार्ज केलेली. पण स्टार्टरसोबत आलेली वायर बघा, दारावरच्या बेलला असते तशी! लोड आला की असा स्टार्टर २०-२५ अँपिअर सहज ओढतो, म्हणजे अर्धे व्होल्ट वायरमध्येच संपणार, मोटरपर्यंत पोचणार काय? बॉक्सवर मोठ्या अक्षरात कुठल्या साइझच्या इंजिनापर्यंत चालेल ते छापलंय, पण किती व्होल्टवर आणि किती जाड वायर लावून, ते नाही. आपण घेताना तेवढाच आकडा बघतो आणि त्यांना ते माहीत असतं.

विकणारा म्हणतो बॅटरी बदला, बॅटरीवाला म्हणतो मोटर बदला. रिटर्न मागितला तर म्हणे रबराला ऑइल लागलंय, वापरलेला माल परत घेत नाही. मग न वापरता तो चालत नाही हे कळणार कसं, तेवढं मात्र कोणी सांगत नाही.