तीन वर्षांसाठी बांधलेली बोट

परवा नातेवाइकांकडे जेवताना एकजण सहज बोलून गेला, "पहिली विक्रांत म्हणजे इंग्रजांनी वापरून टाकलेली बोट, आपल्या गळ्यात मारली." पानावर बसलो होतो म्हणून वाद घातला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

वापरलेली? आपली ही पहिली विमानवाहू नौका त्याआधी कुणी कधी वापरलीच नव्हती! 'हर्क्युलिस' या नावाने १९४३ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी तिचं काम सुरू झालं. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा महायुद्ध संपलेलं होतं. पुढच्या वर्षी काम थांबलं आणि पाऊण तयार झालेलं जहाज दहा वर्षं तसंच पडून राहिलं. भारताने ते १९५७ मध्ये घेतलं आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतलं. तिरका डेक, विमान फेकणारं वाफेचं कॅटापुल्ट, हे मूळ आराखड्यात नव्हतंच, ते तिथे नव्याने बसवलं. ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात आली.

याच आराखड्याच्या घराण्यातल्या सोळा बोटी युद्धाच्या घाईत बांधायला घेतल्या होत्या. व्यापारी जहाजं बांधणाऱ्या गोद्यांनाही जमावं म्हणून रचना साधी ठेवली. युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीन वर्षं टिकल्या तरी पुष्कळ, असा हिशेब होता. आणि त्या पुढे कुठे कुठे गेल्या बघा. 'कोलोसस' फ्रान्सकडे जाऊन 'अरोमांश' झाली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या नौदलांनी विमानवाहू नौका चालवायची कशी हे यांच्याच डेकवर शिकून घेतलं. 'व्हेंजन्स' ब्राझीलची 'मिनास जेराइस' झाली. 'व्हेनरेबल' आधी डच नौदलात, मग अर्जेंटिनात.

ही शेवटची गोष्ट मला फार हलवते. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात हीच ब्रिटनमध्ये बांधलेली बोट 'व्हेंतिसिंको दे मायो' या नावाने ब्रिटिश ताफ्यावर विमानं सोडायच्या तयारीत होती. डेकवरून उडायला समोरून वारा लागतो; २ मेच्या पहाटे तोच पडला आणि बॉम्बने लादलेली विमानं डेकवरून उठूच शकली नाहीत. समोरच्या ताफ्यात होती 'हर्मिस', म्हणजे पुढे आपली झालेली 'विराट'. आणि दोघींचा शेवट कुठे झाला? गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर. 'मिनास जेराइस'ही तिथेच तोडली.

आपल्या विक्रांतने छत्तीस वर्षं काढली. १९७१ मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी झालेला, तरी ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. तिच्यावर तयार झालेल्या माणसांनी पुढे विराट सांभाळली. गळ्यात मारलेल्या वस्तूकडून एवढं काम होत नसतं.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मुंबईत तिचं संग्रहालय झालं. धाकट्याला घेऊन मी गेलो होतो. हँगरमधून डेकवर विमान नेणाऱ्या लिफ्टपाशी तो अर्धा तास उभा होता, हलायला तयार नव्हता. घरी आल्यावर वहीत फक्त तीच लिफ्ट काढली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने संग्रहालय बंद पडलं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईत दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात तिच्यावर गॅसकटर चालले. त्या सोळांपैकी आज जगात एकही शिल्लक नाही. एक वाचवणं आपल्या हातात होतं. देशाची आर्थिक राजधानी म्हणवणाऱ्या शहराला एका जहाजाची डागडुजी परवडू नये, हे मला आजही पटत नाही.

तिच्या पोलादातून घडवलेलं एक शिल्प मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभं आहे. फोर्टात काम निघालं की मी वाट वाकडी करून तिथे जातो. मुलगा आता मोठा झालाय. मागच्या खेपेला तोही सोबत होता. त्याने विचारलं, "बाबा, यात लिफ्टचा पत्रा असेल का हो?"