एक स्टार दिलेल्या मॅडमना आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

प्रयोगशाळांना उंदीर पुरवणारा तो मीच. लशीच्या प्रयोगासाठी आमच्याकडून घेतलेल्या बाल्ब-सी (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक पांढरी जात) उंदरांबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीनं वाचून दाखवला. "उंदीर दोन दिवस उशिरा आले, एक मेलेला निघाला, आणि हे बाल्ब-सी नव्हेतच. कंट्रोल ग्रुपच्या (लस न दिलेल्यांच्या) पायालासुद्धा सूज आली नाही, चार महिन्यांचं काम वाया गेलं."

उशीर झाला, ती चूक आमची. गाडीचा एसी बिघडला होता आणि मे महिन्यात जालना-परभणी रस्त्यानं नांदेडपर्यंत बिनएसीच्या गाडीत पिंजरे पाठवायची माझी हिंमत झाली नाही. फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. मेलेल्याचे पैसे बिलातून तेव्हाच वजा केलेत. माफ करा.

पण 'बाल्ब-सी नव्हेतच' हे फार लागलं. मी पीएचडी नाही, साधा बीएस्सी झूलॉजीवाला आहे, पण 18 वर्षं हेच करतोय. भावाबहिणीचे जोडे पिढ्यानपिढ्या लावून ही जात शुद्ध राखतात. आमच्याकडं प्रत्येक पिंजऱ्यावर आईबापांचं कार्ड असतं. काळ्या सी-57 जातीच्या उंदराशी चुकून संकर झाला असता तर पहिल्याच वेताला पिलं करडी-तपकिरी निघाली असती. तुमचे तीसच्या तीस पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे होते. स्विस जातीचे उंदीरसुद्धा पांढरेच असतात, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगतो. ते वेगळ्या खोलीत आहेत, त्यांना बघणारा माणूसही वेगळा.

ऑर्डर देताना आपलं फोनवर बोलणं झालं होतं ते आठवा. उंदरांच्या पायात टोचणार तो परजीवी कोणता, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, बिकानेरकडच्या रुग्णाचा, कातडीवर जखमा करणारा लीशमॅनिया ट्रॉपिका. मॅडम, पेपरांत बाल्ब-सीच्या पायाला ती मोठी, फुटलेली जखम दाखवतात ना, ती त्याच्याच भावकीतल्या लीशमॅनिया मेजरची. मेजर टोचला की या उंदराच्या प्रतिकारशक्तीचे संदेश उलटे पडतात: इंटरल्युकिन-4 चढतं, परजीवी मारायला लावणारं इंटरफेरॉन-गॅमा कमी पडतं आणि जखम आवरत नाही. तोच मेजर सी-57 ला टोचा, तो बरा होतो. ट्रॉपिका मात्र बाल्ब-सीतही सावकाश चालतो, सूज बारीक येते. तुम्ही सहाव्या आठवड्याला व्हर्नियरनं पायाची जाडी मोजून निकाल देऊन मोकळ्या झालात. शिवाय वर्षभर परजीवीचं कल्चर (वाढवलेला साठा) एका फ्लास्कमधून दुसऱ्या फ्लास्कमध्ये चालवलंय, हेही तुम्हीच सांगितलं होतं. तसं केलं की परजीवीची धार जाते. मधूनमधून तो उंदरात सोडून पुन्हा काढून घ्यावा लागतो. आणि टोचायचा तो वाढ थांबलेल्या कल्चरमधला, भराभर वाढणाऱ्यातला नाही. हे मी तेव्हाच बोललो असतो, पण गिऱ्हाइकाला शिकवायला गेलं की राग येतो. अंगणाची म्हण इथं लिहीत नाही.

तुमचं दुःख मला कळत नाही असं नाही. परजीवी गोठवून-वितळवून फोडायचा, त्याचं अँटिजेन (लशीचा मुख्य भाग) अ‍ॅलमसोबत (लशीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) तीनदा द्यायचं, मध्ये दोन-दोन आठवडे थांबायचं, आणि शेवटी ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचेही पाय सपाट. मग लस दिलेल्यांचे सपाट पाय अँटिजेनमुळं की आपोआप, हे कोण सांगणार? पण त्याचं खापर माझ्या उंदरांवर का?

आज सकाळीच एका कॉलेजनं तुमचा अभिप्राय वाचून ऑर्डर थांबवली. एथिक्स कमिटीचा कागद पाहिल्याशिवाय मी एक उंदीर बाहेर देत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकं आधीच मोजकी. चार माणसांचे पगार त्यातूनच निघतात.

गाडीचं काहीतरी करतो. जातीची डीएनए तपासणी दरवर्षी बाहेरून करून घ्यायचंही चाललंय. तोवर, तुमच्याकडं त्यातला एखादा उंदीर शिल्लक असेल तर त्याच्या शेपटीचं टोक तपासायला पाठवा. लॅब तुम्ही निवडा, खर्च माझा. बाल्ब-सी निघाला तर तेवढं एक वाक्य काढून टाका. स्टार एकच राहू द्या.